बॅटऱ्यांच्या मातीतली बाग

४ ऑगस्ट २०२४

तुळस मेली. तिसरी! बिल्डर निलेशला फोन केला तर म्हणतो, "अनघाताई, तुळस कशाला? दुसरं काहीतरी हिरवं लावा ना." सुदुंबऱ्याला त्याने हा बंगला बांधला, बाग माझ्याकडे दिली; तिथे आधी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढत. ते मातीत मुरलंय. तुळस काय जगणार! गिऱ्हाईक येतं, ओसाड अंगण बघतं आणि गाडी वळवतं. बंगला खपला नाही तर निलेश हायवेवरची माझ्या नर्सरीची जागा विकणार, तीही त्याचीच आहे. तसं गोड हसत सांगून गेलाय मेला.

९ ऑगस्ट

कृषी कॉलेज एवढं तरी कामाला आलं. कण्हेर, बोगनवेल, झेंडू, सदाफुली — ही मंडळी शिसं पचवतात. काही मुळातच धरून ठेवतात, काही पानांपर्यंत चढवतात, पण चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. अशी माणसंही मला पुष्कळ भेटलीत.

खड्डे खणताना सरुबाई कुरकुरली, "ताई, हितं गवतसुदीक येत न्हाई. माती लय वंगाळ हाय." म्हटलं, तुम्ही खणा. तिला हातमोजे दिले नाहीत. कशाला म्हणून विचारत बसली असती.

३ ऑक्टोबर

काय बहरलीय बाग! झेंडू मांडीला लागतोय. स्वतःचीच पाठ थोपटली.

१२ ऑक्टोबर

दसरा. तळेगावचे गोपाळकृष्णकाका आणि अनसूयाकाकू बंगला बघायला आले. काका रिटायर्ड मास्तर. सोबत दोन वर्षांची नात, अनुष्का. मुलगा-सून परदेशात, म्हणून पोर यांच्याकडे. काकांनी झेंडूचं फूल हातात धरून निकाल दिला, "जिथे अशी फुलं येतात ती माती चांगलीच असणार!" जन्मभर वर्गात उलट उत्तर न ऐकलेला माणूस. मी मान डोलावली. मुहूर्तावर तिथेच टोकन दिलं त्यांनी. निलेश मागे उभा राहून मला डोळा मारत होता.

१७ नोव्हेंबर

राहायला आले. बागेचं काम माझ्याकडेच ठेवलंय. आज पाणी घालायला गेले तर अनुष्का वाफ्यात बसून माती खातेय — मूठ भरभरून! वाटलं, काकू धपाटा घालतील. कसलं काय! "अगं बाई, आमचा बाळकृष्णच हा! आ कर बघू, विश्व दिसतंय का?" पोरीने आ केला. काकांनी फोटो काढला. बोलायला मी तोंड उघडलं होतं, खरंच. मग नर्सरी आठवली. मी म्हणाले, "छान आलाय हो फोटो."

२ डिसेंबर

निलेशने नर्सरीच्या जागेचा पाच वर्षांचा करार करून दिला. सुटले!

११ फेब्रुवारी २०२५

पोर सारखी किरकिरते. पोट दुखतं म्हणून रडते. माती खाणं चालूच आहे. काकू म्हणतात, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळताना मला म्हणाल्या, "तुझीच लागली असेल गं, फार लाड करतेस!" थट्टा होती. घरी येऊन जेवण गेलं नाही. नंतर गेलं.

९ मार्च

झालं. पुण्यात अनुष्काचं रक्त तपासलं — शिसं! मातीतही सापडलं. काकू फोनवर रडत होत्या. पोर फिकी पडलीय, येत होते ते शब्दही बोलेनाशी झालीय. त्यांनी मला शिव्या घालाव्यात असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, "तुला तरी काय ठाऊक असणार!"

आता काका पोलिसात जाणार आणि निलेश माझं नाव पुढे करणार. भीती वाटतेय. पोरीसाठी? थोडी. स्वतःसाठी फार. लाज वाटते लिहायला, पण खरं तेच आहे.

२३ मार्च

काकांचा फोन आला. सगळे तळेगावला परत गेलेत, पोरीची औषधं चालू आहेत. आवाज शांत, वर्गात गणित समजावून सांगावं तसा. "पोलिसात गेलो तर बंगला गळ्यातच राहील, अनघा. मी कुठे बोललेलो नाही, तूही बोलू नकोस. बाग तेवढी सुकू देऊ नकोस. पुढच्या महिन्यात एक जोडपं बघायला येतंय. बाई पोटुशी आहे, मोकळी जागा हवीय त्यांना. झेंडू पुन्हा लाव."

मी हो म्हटलं.