वेदना जिंकण्याचे टाइमटेबल

१ जानेवारी १९५५, नाचणगाव
संकल्प. गेल्या महिन्यात वर्ध्याला शिक्षकांच्या शिबिरात तितिक्षेवर व्याख्यान झाले. थंडी, ऊन, दुखणे हे सारे तोंडातून ब्र न काढता सोसणे म्हणजे तितिक्षा. बाकीचे मास्तर ऐकून चहाला गेले. मी तिथेच टाइमटेबल आखले. जानेवारी-फेब्रुवारी : थंडी. मार्च-एप्रिल : उष्णता. मे-जून : वेदना. पुढचे सहा महिने उजळणी.
रुख्मिणीला वाचून दाखवले. ती म्हणाली, आधी दाढी तं थंड्या पाण्यानं करून पाहा. बायकोकडून उत्तेजन मिळेल ही अपेक्षाच चूक.

४ जानेवारी, पहाटे ५
विहिरीवर उघड्या अंगाने सात बादल्या.

५ जानेवारी
सर्दी. डोके जड. शाळेत रजा.

९ जानेवारी
सर्दी चालू. विचारांती थंडी तात्पुरती रद्द केली आहे. थंडी ही मनाची कल्पना असते असे व्याख्याते म्हणाले होते. ते मुंबईचे होते. नाचणगावात ती खरोखरच असते.

१३ फेब्रुवारी
आनंदाचा दिवस! रुख्मिणी परसात गेली होती. चुलीवरचा वरणाचा गंज उतू चालला. सांडशी सापडेना. उजव्या हाताने सरळ उचलला आणि खाली ठेवला. काही वाटले नाही. अगदी काही नाही.
रुख्मिणी धावत आत आली. अवो, काय जळून राह्यलं, म्हणाली. माझी करंगळी होती. संध्याकाळपर्यंत बोराएवढा फोड. मी शांत.
उष्णता मार्चमध्ये होती. फेब्रुवारीतच साधली. टाइमटेबलच्या पुढे आहे.

१४ फेब्रुवारी
आज डाव्या हाताने गंज उचलून पाहिला. ओरडलो. शेजारचे दोघे धावत आले. डावा हात अजून कच्चा आहे. उजव्याचा अभ्यास जास्त झालेला, कारण लिहिणे, खडू, सारे त्याच्याकडे. डाव्याकडे दुर्लक्ष झाले ही माझी चूक.

२७ फेब्रुवारी
उजव्या कोपराच्या खाली कातडीवर फिकट चट्टा आहे. रुपयाएवढा होता, आता पोळीएवढा. त्या जागी घाम येत नाही, केसही झडले. अंगातली घाण तिथून बाहेर पडते आहे. रोज अनशापोटी कडुनिंबाचा रस चालूच आहे, त्याचा रिझल्ट. या रसाने प्रतिकारशक्ती वाढते. माझी दांडगी आहे. गावात हिवतापाची साथ आली तेव्हा मला शिंकसुद्धा आली नव्हती.
कोपराच्या मागे दोरीसारखे काही जाड हाताला लागते. जोर काढतो त्यामुळे स्नायू तयार झाला असावा.

९ मार्च
सदऱ्याची बटणे लागत नाहीत. रुख्मिणीने काजे लहान केली. तिला बोललो. तिने जुना सदरा आणून काजावर काज ठेवून दाखवले. सारखीच. म्हणजे कापड आटले.

२२ मार्च
खडूचा दर्जा फार घसरला आहे. हातातून निसटतो. तासाला चार-पाच वेळा वाकावे लागते, पोरे हसतात. हेडमास्तर बंडूजींकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी तक्रार वाचली आणि विचारले, वासुदेवराव, हे तुम्हीच लिहिलं का? अक्षर असं काऊन झालं? वर्गात पहिल्या बाकावरून माझे अक्षर छापल्यासारखे दिसते असे तेच सांगत असत.
टाकाचे निब खराब आहे. नवीन आणायचे. या वहीतही फरक दिसतो.

२ एप्रिल
उजवी चप्पल चालताना पायातून गळून पडते. मला कळतही नाही. परवा अर्ध्या रस्त्याने अनवाणी आलो, मागून एकाने आणून दिली. तानबाने बनवलेली. त्याला झापायला गेलो. त्याने चप्पल उलटी करून पाहिली. म्हणाला, गुरुजी, चप्पल चांगली आहे. समोरून घासून राह्यली. तुमचा पायच उचलत नाई, ओढता तुम्ही.
चाळीस वर्षे जोडे शिवले म्हणून माणसाचे चालणे कळते असे काही नाही. आता दुसऱ्याकडून करून घेईन.

१७ एप्रिल
दुपारी आडवा झालो होतो. डोळे मिटलेले, पण जागा. बऱ्याच वेळाने डोळे उघडले तर रुख्मिणी पायाशी बसलेली, हातात झाडणीची काडी. केव्हाची टोचून राह्यली, म्हणाली. आणि तोंडाला पदर लावून रडू लागली.
तिला समजावले की हीच ती तितिक्षा. ती म्हणाली, अल्लीपूरच्या माझ्या मामाची बोटं अशीच वाकली होती. पहिले करंगळी, मंग तिच्या बाजूची.
या मामाला गावाबाहेर झोपडी घालून दिली होती. भाकर लांबून ठेवत. रुख्मिणी लहानपणी द्यायला जाई.
तिने तो रोगाचा शब्द उच्चारला. मी या वहीत लिहिणार नाही. सत्तर पोरे रोज माझ्यासमोर बसतात. उद्या असा शब्द गावात फिरला तर एकही पोर शाळेत येणार नाही आणि मला विहिरीवर कोणी पाणी भरू देणार नाही. तिला बजावले, पुन्हा बोलायचे नाही.
करंगळी जरा वाकली आहे हे खरे. टाक धरण्याच्या सवयीने.

५ मे, सकाळी ११
आज घरी अनपेक्षित सन्मान. देवळीहून सायकलवर नत्थूजी नावाचे कार्यकर्ते आले. गावोगाव आरोग्याचे काम करतात. माझ्या साधनेची बातमी देवळीपर्यंत पोचली असणार. मी तासभर सगळे सांगितले. गृहस्थ फार लक्ष देऊन ऐकतात, मधे बोलत नाहीत. मग त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि पिसाने अंगाला कुठे कुठे स्पर्श केला. जिथे कळेल तिथे बोट ठेवायचे. डोळे उघडल्यावर मी स्वतःहून विचारले, एकूण किती? सोळा, म्हणाले. मला पाच कळले होते. अकरा जागी विजय!
त्यांनी एक छापील कागद काढला. त्यावर माणसाची नुसती रेघेने काढलेली आकृती, पुढून आणि मागून. त्यावर पेन्सिलीने माझ्या अकरा जागा रंगवल्या. कोपराची दोरीसुद्धा बोटांनी चाचपून टिपून घेतली. मीच त्यांना गुडघ्याखालची एक जागा दाखवली, ती त्यांच्या नजरेतून सुटली होती. लेख लिहिणार असतील. आकृती ब्लॉक करून छापायला बरी पडेल.
रुख्मिणी दारात उभी होती. चहा गार झाला तरी आत आणेना.

५ मे, दुपारी ४
तो कागद म्हणजे रोग्याचे कार्ड आहे. वर माझे नाव लिहिले आहे.
नत्थूजींना रुख्मिणीनेच निरोप धाडला होता. काडी टोचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी.
नत्थूजी जेवून मग बोलले. आमच्याच ताटात जेवले, आमचेच पाणी प्याले, हेही मला मुद्दाम केल्यासारखे वाटले. ते म्हणाले, मास्तर, हा जंतू मांस खात नाई. तो नसेत जाऊन राह्यते. शंभरातल्या बहुतेकांच्या अंगात तो असाच येते अन् मरून जाते, पत्ताही लागत नाई. तुमचं अंग त्याच्याशी झगडून राह्यलं. झगडा नसेतच चालू आहे, म्हणून नस सुजली, आवळली. मंग तिच्यातून खबर येणं बंद.
मी विचारले, म्हणजे माझी प्रतिकारशक्ती दांडगी आहे ना? ते म्हणाले, एका परीनं आहे. म्हणूनच रोग थोड्या जागी राह्यला. पण त्या झगड्यात नस तुमचीच मरून राह्यली ना.
पहिला भाग त्यांनी कबूल केला हे महत्त्वाचे.
गोळ्या आहेत. दर बुधवारी देवळीला, निंबाखाली टेबल टाकून देतात. लवकर येजा, म्हणाले. बोटांची मुदत जाऊन राह्यली.

६ मे
रुख्मिणीशी बोललो नाही.

८ मे
नत्थूजी डॉक्टर नाहीत. मॅट्रिकही असतील की नाही शंका आहे. पिसाने रोग ओळखतात.

११ मे, बुधवार
बस भरून गेली.

१८ मे, बुधवार
बस रिकामी होती. रिकामी बस रस्त्यात बिघडते असा अनुभव आहे. गेलो नाही.

२५ मे, बुधवार
पुलगावच्या स्टँडपर्यंत गेलो. आमच्या शाळेतल्या एका पोराचा बाप भेटला. कुठं चालले गुरुजी, विचारले. तंबाखू घ्यायला, म्हणालो. तंबाखू घेऊन परत आलो. मी तंबाखू खात नाही.

१ जून, बुधवार
शाळा उघडायची तयारी. वेळ नाही. कडुनिंबाचा रस दुप्पट केला. रुख्मिणी दर बुधवारी सकाळी देवळीसाठी डबा बांधून ओट्यावर ठेवते, दुपारी सोडून त्यातलेच वाढते. बोलत काहीच नाही. तिने बोलावे असे वाटते.

२२ जून
शाळा सुरू. या वर्षी कोट घालतो. उजवा हात खिशात ठेवला की रुबाब येतो. फळ्यावर पोरांकडून लिहून घेतो. ही शिक्षणाची नवी पद्धत आहे, पोरे स्वावलंबी होतात. बंडूजी म्हणाले, वासुदेवराव, उकाड्यात कोट काऊन? मी म्हणालो, तितिक्षा. ते हसले नाहीत. बराच वेळ माझ्या खिशाकडे बघत राहिले.

३० जून
टाइमटेबलप्रमाणे वेदना आज संपते. झाली. उजव्या अंगापुरती.
आढावा घ्यायला बसलो तर टाक दोनदा पडला.

१२ जुलै, सकाळी ६
अंथरुणावर रक्त. आधी वाटले ढेकूण. मग हात पाहिला. करंगळीचे टोक कुरतडलेले. उंदीर. धान्याच्या कोठीमागे बीळ आहे, कितीदा लिंपायचे म्हणालो होतो.
माझे बोट उंदराने खाल्ले आणि मी झोपून होतो.
रुख्मिणीने हळद भरली, चिंधी बांधली. मी बघत बसलो. दुसऱ्याच कोणाला बांधते आहे असे वाटले.

१२ जुलै, सकाळी ९
शाळेत गेलो नाही. सकाळपासून एकाच गोष्टीवर अडकलो आहे. गंज उचलला तेव्हा मी जागा होतो. मनाचा निश्चय होता. चप्पल पडली तेव्हाही जागा होतो. काडी टोचली तेव्हाही. पण उंदराच्या वेळी मी झोपेत होतो. झोपेत निश्चय कुठला? झोपेत सोसले कोणी?
कोणीच सोसले नाही. सोसायला काही आलेच नाही.
फार भीती वाटते. महारोग. लिहिला शब्द.

१३ जुलै, बुधवार, दुपारी २, देवळी
गोळ्यांच्या रांगेत पंधरा-वीस माणसे. मी सगळ्यांत शेवटी, झाडाआड उभा. रुख्मिणीने दंडाला धरून पुढे नेले. एक बाई लेकरू कडेवर घेऊन होती, ती सरकून म्हणाली, या गुरुजी, इथं सावली आहे. मला ओळखत नव्हती. धोतर-कोटावरून गुरुजी म्हणाली असेल.
नत्थूजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरे होते. कानाच्या पाळीला चिमटा घेऊन, बारीक काप देऊन काचपट्टीवर तपासणीसाठी काही घेतले. तुमच्यापासून पोराईले लागायची भीती दिसत नाई, बंडूजींशी मी सोता बोलतो, म्हणाले. गोळी किती वर्षे? दोन, तीन, पाहू. रोग थांबेल. हात-पाय रोज डोळ्यांनी पाहायचे, कारण आता ते स्वतःहून काही सांगणार नाहीत.
मी विचारले, बोटे सरळ होतील ना? ते गोळ्या मोजत होते. मोजून झाल्या, पुडी बांधली.
मेमध्ये आलो असतो तर?
तेव्हा करंगळी दुसऱ्या हातानं दाबली तं सरळ होत होती तुमची, म्हणाले. मी पाह्यली होती.

१३ जुलै, संध्याकाळी ७, नाचणगाव
परतीच्या बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. बाहेर बघत नवा कार्यक्रम ठरवला. रोज पहाटे शंभर वेळा बोटांचा व्यायाम, तेलाने मालीश, गोळी वेळेवर. ऑगस्टअखेर करंगळी सरळ, दिवाळीपर्यंत अक्षर पूर्ववत. घरी गेल्यावर टाइमटेबल आखायचे, या वेळी लाल शाईने.
पुलगाव जवळ आले तशी रुख्मिणी म्हणाली, सोडू का आता? आपल्या गावचे लोकं चढतीन.
मला समजेना. काय सोडू? मी वळून पाहिले. माझी करंगळी आणि तिच्या बाजूचे बोट तिच्या मुठीत होते, वरून पदर घेतलेला. देवळीपासून धरून बसली होती. सतरा वर्षांच्या संसारात चारचौघांत तिने माझा हात कधी धरला नव्हता.
राहू दे, म्हणालो. मला केव्हाचंच कळलं होतं, असेही म्हणालो.
मला कळले नव्हते.