आजोबांचं तळघर आणि मामांचं चारित्र्य

तीर्थरूप फिर्मां मामा,

ओदिलोंचा तुम्हाला नमस्कार. तुमच्या पायाच्या सुजलेल्या अंगठ्यालाही नमस्कार, पण जरा लांबूनच, कारण त्याला हल्ली वारासुद्धा सोसत नाही असं आई म्हणते. तूलोंची समुद्राची हवा मानवतेय ना? जेवण जातं का? झोप शांत लागते का? लागत असेल तर कौतुक आहे तुमचं. का, ते पुढे येईलच. इथे आम्ही खुशाल आहोत. आईची कंबर दुखते, कोंबड्या अंडी घालतात, आणि मी कॉलेज सोडलं त्याबद्दल आता फक्त रविवारी रडारड होते. (सोडलं मी. त्यांनी काढलेलं नाही. ज्या गृहस्थानं जन्मात कधी वेलीला कात्री लावली नाही त्यानं मला छाटणी शिकवू नये, एवढंच मी भर वर्गात बाकावर उभं राहून सांगितलं.) फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र.

सोलेन तुम्हाला आठवत असेलच. पिंपं बनवणाऱ्या बास्त्यांची मधली मुलगी. तिचा चुलतभाऊ तिच्याशी जरा जास्तच हसून बोलला म्हणून मी त्याला चौकातल्या कारंज्यात ढकललं होतं, तीच. तिला नोकरी लागली. पिंपांच्याच कारखान्यात, पण कुठे, हे लिहायला हात धजत नाही. बोर्दोला. वाईनमधल्या आपल्या सात पिढ्यांच्या वैऱ्यांकडे! ज्या घरात हे नाव जेवताना निघालं की आजोबा खिडक्या उघडायला लावायचे, त्या घरातला मी मुलगा! मी स्टेशनवर तिला म्हटलं, "तू चंद्रावर गेलीस तरी मी मागे येईन, पण बोर्दो?" तर म्हणते, "चंद्रावर पिंपं लागत नाहीत रे. यायचं तर ये, पण खोलीचं भाडं खिशात घालून ये. माझ्या दारात पथारी पसरून उसासे टाकत बसलास तर मालकीणबाईचा कुत्रा सोडेन. आणि द्राक्षतोडणी संपेपर्यंत आला नाहीस, तर मग येऊच नकोस." मामा, अशा प्रेमळ शब्दांनंतर माणूस गावात राहील कसा?

म्हणून मी ठरवलं, आजोबांच्या तळघरातला अर्धा साठा विकायचा. फक्त अर्धा. उरलेला लग्नाला, बारशाला, आणि आजोबांच्या आत्म्याला तोंड दाखवायला. तळघर त्यांनी माझ्या नावावर केलं आणि मी एकवीस वर्षांचा होईपर्यंत किल्ली तुमच्याकडे दिली, त्याबद्दल मी तुमचा किती ऋणी आहे ते सांगायला हे पत्र पुरायचं नाही, तरी प्रयत्न करतो. तुम्ही किल्ली मला दिलीत तेव्हा डोळ्यांत पाणी आणून म्हणालात, "पोरा, एकही खण रिकामा नाही." खरं होतं ते. शब्दन् शब्द खरा होता.

गिऱ्हाईक मिळालं. फेर्मूलन नावाचे एक बेल्जियन गृहस्थ, जुन्या बाटल्यांचे व्यापारी, पोट पुढे आणि वाणी मऊ. मी तळघर झाडलं नाही (जितकी धूळ तितकी बाटली जुनी, तेवढी अक्कल आहे), मेणबत्त्या लावल्या, चीजचे गोळे भाजून घेतले. आता आजोबांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या नाहीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. गावातले शेतकरी एकमेकांत अदलाबदल करतात त्या उघड्याबोडक्या बाटल्या. कुठल्या मळ्याची, कुठल्या सालची, ते खणावरच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं, बस. त्या पाट्या मी उलट्या करून ठेवल्या. पाहुण्याला वाईनचं नाव आधी सांगणं म्हणजे त्याच्या जिभेचा अपमान, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आधी ओतायचं, मग विचारायचं, "ओळखा पाहू." बूच न बघता खिशात टाकायचं, म्हणजे पाहुणा चोरून वाचत नाही. विक्रीसाठी आलेल्या माणसालाही मी हेच केलं. कोणी म्हणेल हा वेडेपणा. मी म्हणतो संस्कार.

आजोबांचा सगळ्यात मानाचा खण. मी ओतली. फेर्मूलन साहेबांनी हुंगलं, तोंडात घोळवलं, थुंकलं, आणि अदबीनं म्हणाले, "छान आहे. ताजी आहे. तुमच्या गावच्या सहकारी संस्थेची ना?" मामा, माझं डोकं फिरलं! मी म्हटलं, "ज्या देशात उन्हाळा नावाचा एकच दिवस असतो, त्या देशातल्या माणसानं बिअर प्यावी आणि बटाटे तळावेत. ही माझ्या जन्माआधीची आहे!" ते म्हणाले, "मग वयाच्या मानानं तुम्ही फारच मोठे दिसता." मी दुसऱ्या खणातली उघडली. बूच खिशात. "ही?" ते म्हणाले, "हीसुद्धा संस्थेचीच. फक्त पाऊस जास्त झालेल्या वर्षाची." मी तिसरी उघडली, आणि आवाज एवढा चढवला की पलीकडच्या पेरेत आजी गुडघे सांभाळत पायऱ्या उतरून आल्या. येताना स्वतःचा पेला घेऊन आल्या, हे विशेष.

मी म्हटलं, आजी, तुम्ही गावातल्या, या परदेशी माणसाला सांगा. आजींनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे, वेड्या पोराकडे बघावं तसं बघितलं. "अरे, ही आपण बुधवारी मसुराबरोबर पितो ती." मी म्हटलं, पण हा खण तर... "हो रे, खण तोच. त्यातली खरी बाटली आम्ही फिर्मांच्या पन्नाशीला प्यायलो ना! काय वाईन होती! तुझ्या आजोबांच्या नावानं रडलो आम्ही सगळे. पाद्रीबाबा तर तिथंच झोपले." सगळे, मामा! म्हणजे टपालवाला, पाद्री, बेकरीवाली, सगळ्या गावाला ठाऊक, फक्त मालक सोडून. मी खिशातली बुचं काढली. तिन्हींवर संस्थेचा शिक्का, ठसठशीत. माझ्याच खिशात, माझ्याच मांडीला टोचत होता, आणि मी बेल्जियमच्या हवामानावर भाषण ठोकत होतो.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या असं म्हणतात, पण ते मी तुमच्याबद्दल म्हणणार नाही. चोर खण रिकामे ठेवतो. तुम्ही प्रत्येक बाटलीच्या जागी बाटली ठेवलीत, वर कोळ्याची जाळीसुद्धा परत लावलीत. (ती कशी लावलीत? हे मात्र खरंच कळवा.)

सोलेन गेली, असं समजून मी पायरीवर बसलो. फेर्मूलन साहेब मात्र मेणबत्ती घेऊन शेवटपर्यंत गेले आणि तिथून हाक मारली, "आणि इथे काय आहे?" तिथे आजोबांच्या हाताची पाटी होती, "व्हिनेगर. हात लावू नये." त्यांनी फळी बाजूला केली. आत बाटल्या. आपल्याकडच्या बाटल्यांसारख्या उतरत्या खांद्यांच्या नाहीत. उंच, ताठ खांद्यांच्या. कागदी चिठ्ठ्यांसकट. बोर्दो! खिडक्या उघडायला लावणाऱ्या आजोबांचा, आयुष्यभर गुपचूप जमवलेला, अख्खा खण बोर्दो! साहेबांचा आवाज कापायला लागला. पेरेत आजींनी छातीवर क्रूस काढला.

आणि मामा, त्यातली एकही बाटली कमी नव्हती. तुम्ही ती फळी उघडून पाहिली असणारच, कारण न उघडता तुम्ही तळघरातला दगडही सोडलेला नाही. पण ते खांदे बघितलेत आणि फळी परत लावलीत. भाच्याचा वारसा तुम्ही तळापर्यंत प्यायलात, पण बोर्दोला ओठ लावला नाहीत. याला म्हणतात चारित्र्य. त्या बाटल्या साहेबांनी घेतल्या, तेवढ्यावर माझं भाडं निघालं. बेल्जियमची मी तिथल्या तिथे माफी मागितली, सगळ्या देशाची, हवामानासकट.

मामींना नमस्कार. अंगठा वर ठेवा.

तुमचा भाचा,
ओदिलों

ता. क. आईला मी बोर्दोला निघालोय असं सांगता येणार नाही. त्यापेक्षा मी तुरुंगात आहे हे तिला सोसेल. तेव्हा तुम्ही तिला आजच्या आज लिहा, की अंगठ्याचं दुखणं फार वाढलंय, ओदिलोंला सेवेला पाठव. तुम्ही लिहिलं नाहीत, तर तिच्या बापाची वाईन कुठे गेली ते मी तिला लिहीन. तुमची बहीण आहे. तिचा हात किती लांब पोचतो ते तुम्ही जाणताच.

ता. क. दुसरं. सोलेनचा फोन आला होता. ये म्हणाली. पण नवीन अट घातली. येत्या रविवारी तिच्या मालकांकडे जेवण आहे. ते ओततील ते प्यायचं, आणि नाक मुरडलंस तर तिथूनच परत गाडीत बसायचं. म्हणून मी त्या खणातली एक बाटली विकली नाही. काल कोठीचं दार आतून लावलं, भिंतीवर आरसा टांगला, आणि सगळी तोंडं एकदाच वाकडी करून घ्यायला बसलो.

ता. क. तिसरं. मामा, तोंड वाकडं झालंच नाही. बाटली संपली. हे पत्र जाळून टाका.