एकाच दाराशी अर्ज

दिघी, ४ एप्रिल १९५८
सुमीची मॅट्रिक संपली. पुण्याचं एक कॉलेज निकालाआधीच जागा राखतं, वसतिगृहासकट. नियमावली वाचली. सूत्रग्रंथच, भाष्य लिहायला कोणी उरलेला नाही. अर्थ लावला तो असा: आधी अर्ज करायचा तर फक्त इथेच. जागा दिली तर घ्यायचीच. दुसरीकडे अर्ज सापडला की इथलं नाव कायमचं बाद. आणि पुणं हुकलं तर सुमीसाठी तळा गावचे बिजवर आहेतच. सौ.च्या माहेरून त्या स्थळाबद्दल दोनदा विचारणा.

१२ एप्रिल
पालक म्हणून सही केली. हात थबकला. सुमी : "अण्णा, पेपरला बातमी पाठवताना एवढा विचार करत नाही तुम्ही!" खरंय. बातमी चुकली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो.

२० एप्रिल
सौ.ने हरिहरेश्वरी पुण्यासाठी कौल लावला. उजवा, म्हणजे होकार. गुरव बजावतो, "वैनी, आता दुसऱ्या देवाला इचारू नका हां." देव आणि कॉलेज, दोघांची नियमावली एकच दिसते.

३ मे
घात. जेवताना सौ. सहज म्हणाली, "दादाला कळवलंय, मुंबईतही सुमीचा एक अर्ज टाक म्हणून." शेजारच्या जनाबाई नाखविणीने तिला सल्ला दिला होता : "एकाच जाल्यावर घर चालतं व्हय?"
"अगं, आणि कौल?"
"तो देवाचा. हे कॉलेजचं."
सुमी भरल्या ताटावरून उठली.

४ मे
होडीने आगरदांडा, पुढे मुरुड. मेव्हण्याला तार : अर्ज मागे घे. परतीच्या होडीत जनाबाई. सगळं सांगितलं.
"मंग खेचलं ना जालं वर! आता कोनाला कलतंय?"
"कोणी आधीच पाहिलं असेल तर?"
एरवी पैलतीरापर्यंत बोलते. आज पाठ फिरवून टोपली आवरायला लागली.

९ मे
मेव्हण्याचं उत्तर. अर्ज मागे घेतला. नाव खोडलं का विचारलं, तर तिथला कारकून म्हणाला, "बघू." या 'बघू'ने झोप उडाली. दोन्ही कॉलेजं एकमेकांना नावं कळवतात म्हणे. खरं की...
सौ. : "अहो, गप्प बसा. कोण विचारतंय?"
सुमी : "सही तुमची आहे, अण्णा."

१० मे
पुण्याला सगळं खरं लिहिलं. सुमीने स्वतः टपालात टाकलं. मला धीर झाला नसता.

२४ मे
पुणं गप्प. तळ्याचे पाहुणे परवा सुमीला बघायला येताहेत. सौ.ने चांगल्या कपबश्या काढल्या. माझ्याकडे न बघता. सुमी धक्क्यावर. मीही आलोय, वही घेऊन, जरा मागे उभा. टपालाची होडी खाडीत दिसतेय. वारा उलटा आहे, आणि मला वाटतंय, असू दे, अजून थोडा वेळ उलटाच.