वीक लिहायचं राहिलं

३ जून
सकाळीच साहेब कडाडले. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरांसाठीचं आमचं ॲप भर रस्त्यात बंद पडलं. नकाशा गायब, पेशंट अर्धा तास उशिरा पोचला. वाचला बिचारा! "ज्याची चूक असेल तो घरी जाईल," — साहेब.

धाकट्याचा चेहरा उतरला. टीमचा प्रमुख ना तो! माझा सख्खा भाऊ. मीच त्याला इथे चिकटवला, बोट धरून प्रोग्रॅमिंग शिकवलं, आणि आता रजा त्याच्याकडे मागायची. उतरू दे चेहरा.

४ जून
दिवस फुकट. एवढंच कळलं, की दहाबारा फेऱ्या झाल्या की फोनची मेमरी गच्च भरते आणि ॲप बंद पडतं.

५ जून
सापडलं! गाडी कुठे आहे हे नकाशाचा स्क्रीन स्वतः शोधत नाही. ते काम एका मदतनीस ऑब्जेक्टकडे, म्हणजे कोडच्या दुसऱ्या तुकड्याकडे सोपवलंय; यालाच डेलिगेशन म्हणतात. त्याने स्क्रीनला काय काय कळवायचं याची ठरलेली यादी म्हणजे प्रोटोकॉल. इथवर सगळं बरोबर.

पण स्क्रीनने मदतनिसाला घट्ट धरायचं आणि मदतनिसाने स्क्रीनला सैल, हा नियम. सैल धरायला ओळीत एकच शब्द लागतो — वीक, म्हणजे कमकुवत. तोच नाही! दोघं एकमेकांना धरून बसलेत. फेरी संपली तरी कोणी कोणाला सोडत नाही, आणि प्रत्येक फेरीला अशी नवी जोडी मेमरीत साठत जाते.

ओळ कोणाची? कोडच्या नोंदीत पाहिलं. धाकट्याचं नाव! खोटं कशाला बोलू, मनातून गुदगुल्या झाल्या.

६ जून
मीटिंगमध्ये ती ओळ पडद्यावर लावली. नावासकट! धाकट्याने पडद्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे. "चूक झाली," एवढंच म्हणाला. साहेबांनी तिथल्या तिथे त्याचं ओळखपत्र काढून घेतलं.

संध्याकाळी आईचा फोन. "पाठच्या भावाला चारचौघांत तोंडघशी पाडलंस?" तुला ऑफिसातलं काही कळत नाही, म्हटलं. ठेवून दिला.

९ जून
त्याची जागा मला मिळाली. खुर्चीची पाठ मोडकी निघाली. जेवायला मला कोणी हाक मारली नाही. गेले उडत!

११ जून
हीच चूक आणखी कुठे आहे का, ते बघायला जुन्या नोंदी उघडल्या.

मागल्या वर्षी धाकट्याने ती फाइल नुसती एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवली होती. म्हणून त्याचं नाव. ओळ चार वर्षांपूर्वीची आहे. माझी! नोंदीत शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव दिसतं, त्यावर भरवसा ठेवू नये, आणखी मागे जाऊन बघावं — हे त्याला शिकवलं कोणी? मीच. आणि मला मागे जायचंच नव्हतं.

साहेबांना पत्र लिहून ठेवलंय. उद्या पाठवते.

१२ जून
धाकटा हेडफोन न्यायला आला. सांगून टाकलं. "ते मला मीटिंगमध्येच कळलं होतं, ताई."

"मग तोंड का उघडलं नाहीस, गाढवा?"

"मला कुठेही काम मिळेल. पन्नाशीत तुला कोण घेणार?"

पत्र अजून पाठवलेलं नाही.