रानरेड्याची बंदूक अन् आमचं वावर

मंगळवार, संध्याकाळ

दोन महिने झाले, आमच्या ह्यांची बंदूकच ठरून नाही राह्यली! ह्यांच्या भावानं आफ्रिकेत शिकारीले बोलावलं, म्हून ह्यांले एकच रायफल पायजे, तिकडं रानरेडा पाडणारी अन् इकडं वावरातलं डुक्कर बी. औंदा कापूस तसाच कमी, त्यात डुकरं. आज पऱ्हाटीची, म्हंजे कापसाच्या झाडाची, काडी खांद्याले लावून मले नेम दाखवत होते.

म्हटलं, "गोळी डुकरातून पार गेली त? धुऱ्यापल्याड, बांधाच्या तिकडं, बाया कापूस वेचते."

"तुले काय समजते बंदुकीतलं?"

बाया समजते मले. त्यात माही बहीण हाये! त्यायनं पुन्हा काडी उचलली. काहून ऐकत नाही हा माणूस?

सोमवारी पीक राखायच्या बंदुकीच्या परवान्याचा अर्ज जाते. वावर माह्या नावावर, सही माही लागते. कशावर सही करू, रेड्याची रायफल का जवळच मारणारी साधी छऱ्याची बंदूक, तुमी वाचणाऱ्यायनं शनिवारपर्यंत मले सांगा.