लाभ, दोन, तीन

१६ नोव्हेंबर १९३१
दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा-कमिटीची पहिली सभा. चहा थंड, रावसाहेब गरम. (आमचे अध्यक्ष, पेन्शनर मामलेदार. पुढे नुसते रा. सा. लिहीन, रोज एवढी पदवी कोण वाहील.) तक्रार अशी की पहिली-दुसरीची पोरे गणितात जुडी, खराटा असले शब्द बोलतात. शिकवणाऱ्या नव्या मास्तरीणबाई, वेणूबाई. पावस गावच्या, पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात शिकून आलेल्या. नेमणूक फेब्रुवारीअखेरपर्यंत. त्याआधी शाळाखात्याचे डिपोटी इन्स्पेक्टर तपासणीला येणार. त्यांचे मत अनुकूल पडले तर बाई कायम. नाही तर गणित तात्या मास्तरांकडे आणि बाई शिवणवर्गाला. बाईंना शिवण येते का, हे कोणी विचारले नाही.

मला काम लागले. "शास्त्रीबुवा, तुम्ही संस्कृतवाले. पोरांसाठी शुद्ध शब्दांची यादी करा." पाठशाळेत घालवलेली वर्षे अशी अधूनमधून वसूल होतात.

१७ नोव्हें.
यादी तयार. बेरजेस संकलन, वजाबाकीस व्यवकलन, आणि असेच खाली. अक्षर सुरेख आले आहे. सौ.ला वाचून दाखवली.
"अहो, मग आमटीत मीठ किती संकलन करू?"
मीठ मी स्वतःच वाढून घेतले.

२० नोव्हें.
यादी घेऊन शाळेत गेलो. वर्गात चिटपाखरू नाही. सगळी वरात मागे विहिरीवर. कठडा पोरांच्या गळ्याएवढा, म्हणून जीव भांड्यात पडला. बाईंच्या हातात काथ्याची दोरी. वय तिशीच्या आत, आवाज मात्र हेडमास्तरचा.

"शास्त्रीबुवा, पायरीवरच थांबा. विहिरीची परीक्षा चालू आहे."

शब्द चालले होते वर्तुळ, व्यास, त्रिज्या. दोरी पूर्व-पश्चिम ताणून गाठ मारली, मग तीच उत्तर-दक्षिण धरली. गाठ कठड्यापासून वीतभर अलीकडेच राहिली. पुन्हा धरली, पुन्हा तेच. एक पोरगी ओरडली, "बाय, हीर नापास झाली!" सगळी हसली. बाईही. म्हणाल्या, "व्यास दोन्हीकडून सारखा नाही, म्हणजे हे वर्तुळ नव्हे. गवंड्याला सांगू नका, रागावेल." या विहिरीचे पाणी मी वीस वर्षे पितो आहे, ती गोल नाही हे मला आज कळले.

यादी दिली. उभ्या उभ्या वाचली. "शब्द चांगले आहेत. पण बापाचा कोट पोराला आत्ताच कशाला? वाढेल तसा घालील." मग म्हणाल्या, "त्यापेक्षा हे सांगा, त्रिज्येतली ज्या म्हणजे काय? मला पाठ आहे, अर्थ ठाऊक नाही." मी सांगितले, ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. त्यांचे डोळे असे लकाकले की

(काल इथे सौ.ने हाक मारली, वाक्य राहिले. राहू दे.)

२३ नोव्हें.
शाळेत पोरागणिक एक धनुष्य. कमान म्हणजे वर्तुळाचा तुकडा, दोरी म्हणजे ज्या, हे आता सहा वर्षांचे पोरही सांगते. एक बाण तात्या मास्तरांच्या पगडीत. तात्यांनी विचारले, ही कल्पना कोणाची? बाईंनी माझ्याकडे बोट केले. माझ्या संस्कृताचा इतका जिवंत उपयोग पूर्वी झालेला नाही.

२ डिसेंबर
ज्या मुंबईच्या साप्ताहिकाचा मी इथला बातमीदार, त्याला धाडलेले विहिरीचे बातमीपत्र परत. संपादक लिहितात, "रत्नागिरीहून बोटीचे आणि आंब्याचे वर्तमान यावे." आंब्याला मोहोर नाही, बोट वेळेवर नाही. हेच लिहून धाडले. छापतील.

५ डिसें.
खराट्याचा उलगडा झाला. बाई माडाच्या झावळीचे हीर, म्हणजे पात्यांतल्या काड्या, काढवून आणतात. सुटा हीर तो एकं. दहा झाले की केळीच्या सालीच्या सोपाने बांधून जुडी, ती दहं. दहा जुड्यांचा खराटा, ते शतं. बेरजेत दहा जमले की जुडी बांधून शेजारच्या पोराच्या हातात द्यायची, तोच हातचा. वजाबाकीत हीर कमी पडले की शेजाऱ्याकडून जुडी उसनी आणून सोडायची. मी हातचा घेऊन गणिते केली ती पन्नाशीला आलो तोवर. हातात काय घेतो आहे ते पाहिले नव्हते.

घरी आलो तो सौ. संतापलेली. शेजारची पोर आमचा खराटा सोडून मोजत बसली होती. "शंभर नाहीत काकू, बुरूडणीने फसवलं तुम्हाला." सौ.चा राग मग बुरूडणीकडे वळला.

१४ डिसें.
आज एक पेच. वर्गात यमू म्हणून मुलगी, मापाऱ्याची. बाप शिदू बाजारात भाताची मापे घालतो. बाईंनी भाताची रास घालून मोज म्हटले, तर यमू सुरू झाली, "लाभ, दोन, तीन..." पोरे हसली. यमू रडली, पण 'एक' म्हणेना.

मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. एक म्हटले की एकावरच आटोपते, अशी समजूत. माझ्या लहानपणी वडील खळ्यावर असेच मोजून घेत. बाईंनी मला विचारले, "हे चूक म्हणू की बरोबर?" मी म्हटले, शास्त्रात लाभ नावाची संख्या नाही. असे म्हणताना आपण फार कोरडे बोललो असे वाटले.

तेवढ्यात शिदूच आला. दारात उभा.
"बाय, पोरीला एक म्हनाया लावू नका. रास आटते."
"शिदूभाऊ, रास असली तर लाभ. पाटीवर एक. चालेल?"
त्याने पाटी उचलून उलटसुलट पाहिली. "पाटीवर काय पिकत नाय. चालंल."
"मग शब्द दिला."
मामलेदार कचेरीत याहून लहान गोष्टीवर तीन वर्षे दावे चालतात.

४ जानेवारी १९३२
तात्या मास्तरांकडे गेलो. माणूस खोटा नाही. पावकी-निमकी म्हणू लागला की ओटीवर बसून ऐकत राहावे. निरगुडीची छडी मात्र हातातून सुटत नाही. म्हणाले, "पोरं मला आवडतात हो, शास्त्रीबुवा. पण बाईंची पोरं घंटा झाली तरी घरी जात नाहीत. माझी प्रार्थनेतच जातात."  मग विडा लावून दिला.

२० जाने.
तपासणी. रात्रीचे लिहितो आहे. अंथरुणातून उठून दिवा पुन्हा लावला, आणि परीक्षा माझी नव्हती.

डिपोटी तरुण, मुंबईत वाढलेले, बूट चकचकीत. बोलणे सौजन्याचे. त्रिज्या विचारली, पोरांनी जमिनीवर दोरी फिरवून वर्तुळ काढले. हातचा विचारला, जुडी बांधून दाखवली. साहेब खूश. रा. सा. तर असे फुलले की गणित त्यांनीच शोधले असावे. मी मनात बाईंना कायम करून मोकळा झालो.

मग साहेब म्हणाले, "तुमच्या इथे प्रत्यक्ष जिनसांवर शिकवतात असे ऐकले. मी भात आणवले आहे." शिपायाने मधोमध रास ओतली, शेराचे माप ठेवले. "कोण मोजील?" यमूचा हात सगळ्यांच्या वर. माप दिसल्यावर तिचा हात खाली कसा राहील?

"लाभ, दोन, तीन, चार..."
"थांब, थांब. एक कुठे गेला?"
"रास हाय ना, साहेब."
"बरे. आत्तापर्यंत किती मापे झाली?"
"चार."
"एक म्हटलेच नाहीस, आणि चार?"
"लाभ धरून चार." यमूला साहेबांची कीव आलेली स्पष्ट दिसत होती.

साहेबांची हनुवटी वर गेली. "बाई, ही अडाणी समजूत सरकारी ग्रँटीच्या शाळेत? तिला सांगा, एक म्हण."

रा. सा. बाईंकडे पाहून मान हलवीत होते: सांगा, सांगा. मीही तेच पुटपुटत होतो. एका शब्दाचा प्रश्न. तो उच्चारला की बाई कायम, शिवणवर्ग टळला, सगळे घरी. यमू माप हातात धरून बाईंच्या तोंडाकडे बघत राहिलेली.

बाई म्हणाल्या, "साहेब, रासेवर एक म्हणायला लावणार नाही असा तिच्या वडिलांना मी शब्द दिला आहे. तिला पाटी द्या, पाटीवर ती हजारापर्यंत एकापासून म्हणेल."
"मी रासेवर विचारतो आहे."
"रासेवर लाभ, साहेब."

आवाज चढवला नाही. पदर सारखा केला, बस्स. एवढ्या सभा मी ऐकल्या, एवढी भाषणे लिहून मुंबईला धाडली. इतक्या कमी शब्दांत इतके कोणी बोललेले आठवत नाही.

साहेबांनी पाटी मागितली नाही. "कळवतो," म्हणाले आणि दापोलीकडच्या शाळा तपासायला गेले.

२९ जाने.
कमिटी. दोन मते बाईंकडे, दोन तात्यांकडे. आणि तात्यांकडच्या दोनांतले एक त्यांच्याच मेहुण्याने ऐन वेळी मागे घेतले. तात्यांनी सांगितले म्हणे. म्हणजे दोनास एक, तरी रा. सा. म्हणाले, डिपोटींचे मत आल्याशिवाय काही नाही. मला विचारले, "शास्त्रीबुवा, शुद्ध शब्दांची यादी?" म्हटले, मागे घेतली. "का?" म्हटले, माझे शब्द निर्दोष आहेत, पण त्यांना अजून हातपाय फुटायचे आहेत. रा. सा.ना हे आवडले नाही. मला आवडले.

१२ फेब्रुवारी
दापोलीहून काही नाही. बाईंना भेटलो. म्हटले, डिपोटींना समजावून एक पत्र लिहू का? माझा हात बरा चालतो. म्हणाल्या, "काय लिहाल? मी नाही म्हटलं, ते त्यांनी ऐकलं. त्यात समजायचं काय राहिलं?" मग म्हणाल्या, "शिवण मला अजिबात येत नाही, शास्त्रीबुवा. गळा कापीन कोणाच्या तरी झबल्याचा." हसल्या. हसणे अर्ध्यावर राहिले. तेव्हा कळले, भीती आहे. भिऊन केलेले धैर्य जास्त मोलाचे, हे मी त्यांना सांगणार होतो. सुदैवाने सांगितले नाही.

२९ फेब्रु.
नेमणुकीचा शेवटचा दिवस. हुकूम नाही, ना इकडचा ना तिकडचा. रा. सा.ना ताप आला आहे. असे ताप पेन्शनीतही येतात. त्यांनी निरोप धाडला: उद्या वर्ग तात्यांनी घ्यावा.

१ मार्च १९३२
प्रार्थनेलाच गेलो. बाई आलेल्या. तात्या मास्तरही आलेले, छडी नव्हती. दारातच म्हणाले, "बाई, भागाकार अर्धा झालाय ना? तो पुरा करा. मधेच गुरू बदलला की पोरांचा भाग कायमचा कच्चा राहतो." आणि मागे भिंतीला टेकून बसले. मी त्यांच्या शेजारी.

भागाकार म्हणजे पंगत. सगळी पोरे दोन रांगांत मांडी घालून, मधे चिंचोक्यांचा ढीग. वाढपी यमू आणि आणखी एक पोर. भाज्य म्हणजे ढीग, भाजक म्हणजे पंगतीतली माणसे, ताटात पडेल तो भागाकार, ढिगात राहील ती बाकी. वाटप जवळजवळ पुरे होत आले, तोच दाराशी बूट वाजले.

डिपोटी. एकटे. शिपाई नाही, रा. सा. नाहीत. म्हणाले, "दापोलीहून परत चाललो आहे. बोट संध्याकाळची आहे."

बाई उठल्या नाहीत, त्यांच्या मांडीवर चिंचोक्यांचे सूप होते. "नमस्कार, साहेब. वाटप चालू आहे. थोडं थांबावं लागेल."

 साहेब क्षणभर उभे राहिले. मग बूट काढले, दाराशी नीट जोडीने ठेवले, आणि रांगेच्या शेवटी, एका पोराशेजारी मांडी घालून बसले. विजारीला ते जड गेले.

यमूने साहेबांकडे पाहिले, ढिगाकडे पाहिले, बाईंकडे पाहिले.
"बाय, सायबांना धरायचं?"
"पंगतीत बसलेत ना?"
"होय."
"मग धर."
"म्हंजे सगळं परत गोळा? पयल्यापासून?"
"पहिल्यापासून."

पोरांनी कुरकुरत आपापले चिंचोके ढिगात परत टाकले. साहेबांनी हात पुढे करून ओंजळ धरली होती. यमूने रांगेच्या पहिल्या टोकापासून सुरुवात केली.