कॉफी आधी आली

सोमवार, १ मार्च १९८२

तो जिवंत आहे. आणि इथे आहे! जगाच्या या दक्षिण टोकाला, वेस्टमीडमध्ये, आमच्या घरापासून बसने जेमतेम चार स्टॉपवर, त्या म्हाताऱ्यांच्या व्हिलेजमध्ये.

लायब्ररीच्या दारावर कागद लावलाय — इराणच्या किनाऱ्यावरचे दिवस, वक्ते मिस्टर हार्टनेल, माजी व्हाइस-कॉन्सल, स्लाइड्स दाखवणार, चहा-बिस्किटं फुकट. खाली फोटो. टक्कल पडलंय, पण कान तेच. सुपासारखे.

छप्पन्न वर्षं मी धरून चालले होते की हा माणूस कुठेतरी तापाने मेला असेल. एवढीसुद्धा अपेक्षा पुरी केली नाही त्याने.

पुस्तकं परत न करताच घरी आले.

मंगळवार, २ मार्च

जेवताना सांगितलं. सुनीती म्हणते, "कोण हार्टनेल?" लग्नाला पंधरा वर्षं झाली, आणि कोण हार्टनेल! माझ्या मुलाने, माधवने, बायकोला माझ्याबद्दल सांगितलंय ते एवढंच, की आईला बीपी आहे आणि वांगं चालत नाही.

विनीताला सांगायला बसले. तेरा वर्षांची आहे, कळायला हवं. तुझे पणजोबा, विश्राम राजाध्यक्ष, इराणच्या किनाऱ्यावर एका बंदरात ब्रिटिश कॉन्सुलेटचे हेडक्लार्क होते. बुशहरच्या खाली, गलबताने दोन दिवस. घरात आम्ही नुसतं 'बंदर' म्हणायचो. कॉन्सल येत आणि जात. उन्हाळा लागला की साहेब डोंगरात पळत. गलबतांचे परवाने, खजुराच्या पेट्यांवरून होणारी भांडणं, गव्हर्नरच्या माणसांची मनधरणी — सगळं बाबा.

तिथे कुणाकडे गेलं की आधी हुक्का, मग चहा, गप्पा, पुन्हा चहा. कॉफी सगळ्यात शेवटी. कॉफी आली याचा अर्थ — बैठक संपली, उठा. तोंडाने कुणी कुणाला 'जा' म्हणत नसे. आमच्या कॉन्सुलेटमध्ये कुणासाठी कॉफी कधी आणायची ते बाबाच नोकराला नजरेने सांगत. पोर्टात म्हणत, राजाध्यक्षांच्या भुवईवर माणसं उठतात.

आणि हा हार्टनेल! पंचविशीतलं पोर. येऊन तीन आठवडे झालेले. भरल्या बैठकीत — गव्हर्नरचा भाऊ, कस्टमचा मुख्य, खजुराचे व्यापारी, मोत्यांचे शिकारपुरी सावकार, सगळे बसलेले — बाबा येऊन टेकतात न टेकतात तोच त्याने त्यांच्या हातात कॉफी ठेवली. हुक्का नाही, चहा नाही. स्वतः उठून, स्वतःच्या हाताने! गव्हर्नरच्या भावाने म्हणे मान खाली घातली. बाबांनी कॉफी प्यायली, उठले, सलाम केला, घरी येऊन आईला म्हणाले, "आवर." त्याच संध्याकाळी आम्ही गलबतावर.

विनीता म्हणाली, "बट आजी, इट्स जस्ट कॉफी!"

माधव हसला. मी ताट उचलून खोलीत आले.

शुक्रवार, ५ मार्च

त्या एका पेल्यापायी काय गेलं याचा हिशेब या घरात कुणी केलेला नाही. समुद्राकडे तोंड केलेलं घर गेलं. बाबा गिरगावात कापडाच्या पेढीवर उभे राहून पत्रं लिहू लागले. ज्याच्यासमोर कस्टमचा मुख्य उठून उभा राहायचा, त्याला शेठजी 'ए मास्तर' म्हणत. आई दुसऱ्या पावसाळ्यात गेली. मला मामांनी नन्सच्या शाळेत टाकलं, म्हणून इंग्रजी शिकले. त्या इंग्रजीने पुढे तीस वर्षं शाळा चालवली. कुणाचे उपकार नाहीत. हार्टनेलचे तर नाहीतच.

रविवार, ७ मार्च

ठरलं. त्याला घरी बोलवायचं. चारचौघांत बसवायचं. आणि बूड टेकायच्या आत हातात कॉफी!

सुनीतीला बेत कळल्यावर ती म्हणाली, "आई, नको ना हे. ते एटी वन आहेत."

म्हटलं, मी सदुसष्ट आहे, मला कोण सवलत देतंय?

बुधवार, १० मार्च

लायब्ररीतल्या कॅरोलिनला फोन केला. मुलगी बरी आहे, पण प्रत्येक गोष्ट तिला 'लव्हली' वाटते. लहानपणी मीही त्या किनाऱ्यावर राहिलेय म्हटल्यावर — हाउ लव्हली! मिस्टर हार्टनेलना गाडीतून घेऊनच येते म्हणाली. माहेरचं नाव सांगितलं नाही. मिसेस सामंत. पुरे.

शनिवार, १३ मार्च

आले. तीन वाजता. मी चिवडा, वड्या, सगळं आत झाकून ठेवलं होतं. दिसायलाच नको. माधवला मुद्दाम शेजारी बसवलं. साक्षीदार हवा.

हार्टनेल काठी टेकत खुर्चीत बसला. काठी अजून हातातच होती. मी कॉफी पुढे केली. स्वतःच्या हाताने. त्याच्या डोळ्यांत बघत.

"ओ, लव्हली," म्हणाला! प्यायला. मिशी पुसली. "जायफळ आहे का यात? अजून एक मिळेल?"

अजून एक!

मी मख्खासारखी उभी. माधव खाली बघून हसू दाबत होता. कॅरोलिननेही दुसरा कप मागितला. मग बसलाच तो. पाच वाजून गेले. सुनीती ड्यूटीवरून आली, तिने माझ्याकडे न बघता आतल्या वड्या बाहेर आणल्या. त्याने चार खाल्ल्या.

बोलला खूप. बंदराचा उकाडा, ओल्या चादरी लावून गच्चीवर झोपायचं, खजुराच्या हंगामात माश्या. सगळं खरं. मला तो वास आला, कुजक्या खजुराचा आणि डांबराचा. राग आला, की हा वास याच्यापाशीपण आहे.

शेवटी विचारलं, "तुमचा हेडक्लार्क कोण होता हो?"

"राजा... राजा समथिंग. फर्स्ट रेट मॅन. गेला. एक दिवस उठला आणि चालता झाला. एक शब्द नाही."

काठीच्या मुठीवर अंगठा घासत राहिला. मग कॅरोलिनला म्हणाला, चला.

रविवार, १४ मार्च

त्याला ठाऊकच नव्हतं.

त्यांच्यात पाहुणा आला की कॉफी देतात. दुसरं काय? तीन आठवड्यांचं पोर, त्याला कोण सांगणार? सांगणारे बाबाच! आणि त्यांना काय वाटलं असणार — की माझ्याच कॉन्सुलेटमध्ये, जिथे मी स्वतः भुवईने माणसं उठवतो, तिथे या पेल्याचा अर्थ कुणाला माहीत नाही असं होईलच कसं? दुसरा कुणी असता तर विचारात पडला असता. बाबा पडले नाहीत. त्यांना सगळं फार चांगलं माहीत होतं.

म्हणजे त्याने मान दिला होता. सगळ्यांच्या आधी. स्वतः उठून.

राग कुठे ठेवू तेच कळेना. इतकी वर्षं एका जागी ठेवलेला. बाबांवर काढला. फोटोसमोर उभी राहून म्हटलं — अहो, एकदा विचारायचं होतं! 'साहेब, हे काय?' एवढे तीन शब्द! आईचा काय दोष होता?

माधव दारात होता. ऐकलं त्याने.

म्हणाला, "तू तरी विचारतेस का, आई? सुनीतीने तुझ्या खोलीत किटली आणून ठेवली, तर तू महिनाभर बोलली नाहीस तिच्याशी."

"मग काय समजायचं? चूल वेगळी केली!"

"सकाळी किचनपर्यंत थंडीत चालायला लागू नये, म्हणून आणली तिने."

"मग तसं सांगायचं तिने!"

"मग तू विचारायचंस."

हा मुलगा डॉक्टर झाला तो लोकांना टोचायलाच.

मंगळवार, १६ मार्च

सुनीतीला म्हटलं, किटली चांगली आहे. ती म्हणाली, "नो वरीज, आई." इतकंच. इथे लग्नापासून मरणापर्यंत सगळं नो वरीज.

गुरुवारी भाषण आहे. मी जाणार. भाषण संपलं की उठायचं आणि लोकांसमोर सांगायचं — मिस्टर हार्टनेल, तो राजा समथिंग माझा बाप. तुम्ही मान दिलात, त्यांना तो अपमान वाटला. दोघांचीही चूक नाही. म्हातारा बिचारा इतकी वर्षं मनात म्हणत असेल, चांगला माणूस का गेला. जायच्या आधी त्याला कळू दे.

'बिचारा' लिहिलं मी. असो. खोडत नाही.

विनीता म्हणते, तिलाही यायचंय. होमवर्क चुकवायला कारण हवं असेल. निळी नेसेन.

गुरुवार, १८ मार्च

स्लाइडवर कॉन्सुलेटची बैठक. तो म्हणाला, आता एक गंमत सांगतो. आणि कॉफीची गोष्ट सांगितली! कान हलवून, बाबांच्या सलामाची नक्कल करून. "त्याच संध्याकाळी माझ्या खानसाम्याने मला सांगितलं, साहेब, तुम्ही त्याला हाकललंत! गलबत अजून बंदरात होतं. माणूस पाठवता आला असता. पण नोकरीची सुरुवात बाबूची माफी मागून करायची? छे!" लोक पोट धरून हसले. कॅरोलिनही.

आमचं गलबत खजूर भरायला थांबलं होतं. दोन रात्री. खाली उकडतंय म्हणत बाबा वर कठड्याशी उभे होते, तोंड किनाऱ्याकडे. होडी दिसली की पुढे वाकायचे. मला वाटायचं, ते बंदर बघताहेत.

माझ्या आधी विनीता उठली. "दॅट्स माय ग्रेट-ग्रँडफादर," म्हणाली. मग मी उठले, आणि बाबांचं नाव सांगितलं. सगळं. सावकाश. त्याला लिहून घेता येईल इतकं सावकाश.